जाधव बाईंची मधली पायरी

बारावीच्या चाचणीत तर्कशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर माझं बरोबर आलं होतं आणि जाधव बाईंनी त्याला शून्य दिलं होतं. मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. म्हटलं, बाई, उत्तर बरोबर आहे ना? बाई म्हणाल्या, "आहे. पण तू तिथे चालत गेलेला नाहीस, उडी मारून गेलायस." मग माझ्याच पेपराच्या मागे त्यांनी लाल पेनाने तीन पायऱ्या काढल्या आणि मधल्या पायरीवर फुली मारली. "पाखाडीच्या दगडी वाटेची मधली पायरी निखळली तर वर पोचतोस का? पोचतोस कधीकधी. म्हणून काय तिला पाखाडी म्हणायचं?"

पुढे वार्षिक परीक्षेत मी पस्तीस गुणांनी सुटलो. त्यातले दोन तरी बाईंनी वैतागून दिले असावेत. असा मनुष्य सरकारी कचेरीत लिपिक झाला यात कुणाला नवल वाटू नये. तिथे मधल्या पायरीची चौकशी करणारं कोणी नसतं.

बाई रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला शिकवायच्या आणि राहायच्या गावी, पालीच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत, बौद्धवाडीत. रोज एसटीने येणं-जाणं. अंगावर सुती साडी, खांद्याला शबनम, शबनममध्ये डबा, छत्री आणि ते लाल पेन. पेन निवृत्तीनंतरही सुटलं नाही. वर्तमानपत्र त्या पेन उघडूनच वाचायच्या. अग्रलेखांची अवस्था माझ्या पेपरासारखी व्हायची, फक्त त्यांना कोणी पस्तीस दिले नाहीत.

बाजारातही तेच. मासे विकायला येणारी भाभी म्हणायची, वारं सुटलंय बाय, म्हणून बांगडा महाग. बाई विचारायच्या, "काल वारं नव्हतं. काल पण हाच भाव होता." भाभी शांतपणे म्हणायची, "काल पण तुमीच आलावता." बाई हसून पैसे द्यायच्या. मला म्हणाल्या होत्या, "ती बाई प्रामाणिक आहे. खरं कारण विचारलं की सांगते. तुमच्या कचेरीत असं कोणी आहे का?" मी म्हटलं, शोधून सांगतो. अजून शोधतोय.

लोक त्यांना खडूस म्हणायचे. आता वादात हरलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार तरी कोणता? पण दर मंगळवारी गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बाई बसलेल्या असायच्या आणि तिथे त्या फार कमी बोलायच्या. नीता सिस्टर एकेकीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची, गोळ्या द्यायची. बाईंना स्वतःलाही रक्तदाब होता. त्या नंबर लावून शेवटी बसायच्या आणि म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायच्या, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते कळावं म्हणून. त्यालाही लाल पेनच.

उपकेंद्रावर बाईंचा जीव होता त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ वसंत मुंबईला एका कंपनीत होता. खोकला लागला, ताप यायला लागला. रजा पडतील म्हणून त्याने तो अंगावर काढला, मग खाडे झाले, मग नोकरी गेली आणि तो गावी आला. त्याचा क्षय ओळखला तो इथल्या उपकेंद्रातल्या तेव्हाच्या सिस्टरने. तोवर फार उशीर झाला होता. बाई त्याबद्दल एकदाच बोलल्या माझ्याशी. म्हणाल्या, "उशिरा का होईना, ओळखला तिने. मुंबईत कुणी ओळखलाच नव्हता."

आता माझं कर्तृत्व सांगतो. ते सांगितल्याशिवाय बाई कळणार नाहीत.

आमच्या कचेरीला वरून फर्मान आलं की गावांतल्या बेरोजगारीची आणि आरोग्याची घरोघर पाहणी करा. दोन्ही एकाच फॉर्मवर, कारण कागद वाचतो. मला जी गावं मिळाली त्यात बाईंचंही होतं. मुदत थोडी. मी विचार केला, एरवी जावं तर निम्मी घरं कुलपात, तर गणपतीत जाऊ, सगळे घरी सापडतील, एका फेरीत काम. एवढी अक्कल मी नोकरीत प्रथमच चालवली होती आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

सगळे सापडले. मुंबईचे चाकरमानी झाडून आले होते. फॉर्मवर प्रश्न होता, घरातील कामाला जाणाऱ्या वयाचे पुरुष आज कामावर आहेत का? नाहीत. आज कोण असणार? ओटीवर पत्ते कुटत बसले होते. मी लिहिलं, नाहीत. पुढचा प्रश्न, गेल्या आठवड्यात घरात कोणी आजारी होतं का? आता महामार्गावरून रात्रभर आदळत आलेला मनुष्य, त्यावर तीन दिवस जागरण आणि मोदक. कुणाची कंबर, कुणाचा घसा, कुणाचं पोट. मी प्रामाणिकपणे सगळं लिहून घेतलं. एका घरी मलाही पाच मोदक खायला लावले, त्यामुळे आजाऱ्यांत खरं तर माझंही नाव घालायला हवं होतं.

याआधीची पाहणी भाताच्या लावणीत झाली होती. तेव्हा धडधाकट माणूस चिखलात होता आणि चिखलात असलेल्या माणसाला दुखणं आठवत नाही. दोन्ही पाहण्या शेजारी मांडल्यावर आमच्या साहेबांना साक्षात्कार झाला. बेकार वाढले. आजारी वाढले. म्हणजे बेकारीमुळे आजार वाढले. म्हणजे रोजगार दिला की आजार आपोआप जातील. म्हणजे आजारांवर सरकारने पैसा घालवणं हीच मुळात उधळपट्टी. साहेबांनी टिपणी सांगितली, मी टाइप केली: नीता सिस्टरला दुसऱ्या केंद्रात हलवावं, तिच्या खोलीत तरुणांसाठी मोबाइल दुरुस्तीचं प्रशिक्षण सुरू करावं. टाइप करताना मला पाखाडी आठवली. पण महिनाअखेर होती आणि मला लवकर घरी जायचं होतं.

नवरात्र सरल्यावर गावात ग्रामसभा झाली. साहेब जातीने आले, भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र घेऊन. शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर दोन रेघा हातात हात घालून वर चढताना दिसल्या. साहेबांनी सगळं समजावलं. टाळ्याही पडल्या, कारण चहा यायचा होता.

मग मागच्या बाकावरून बाई उठल्या. मी फायलीत तोंड खुपसलं.

"साहेब, या बेकारांत संदेश पाष्टे आहे का हो? खालच्या वाडीतला?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी यादीत बघितलं. होता.

बाईंनी मोबाइल काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन वर धरला. पलीकडून दबक्या आवाजात संदेश म्हणाला, "बाई, ड्युटीवर आहे, सुपरवायझर समोर उभा आहे. सुटल्यावर करतो." फोन बंद.

सभेत हशा पिकला. संदेशची आई मात्र चिडली. "आमचा झील बेकार हाय असा कोनी लिवला?" आता तिने मला पाच मोदक घातले होते. मी आणखी खाली वाकलो.

साहेब शांत होते. साहेब नेहमीच शांत असत, त्यांच्या हुद्द्याला ते परवडायचं. म्हणाले, "बाई, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर घाला. आणि आता दुसरं बघा. आमच्या बौद्धवाडीत तुमच्या पाहणीत बेकार किती? कोणी नाही. आजारी? कोणी नाही. आमच्या वाडीत काय कारखाना आहे? आमच्यात गणपती बसत नाही, म्हणून आमची माणसं मुंबईहून आली नव्हती, एवढंच. तुमच्या पद्धतीने गेलं तर गणपती बसवला की माणूस बेकार होतो आणि वर आजारीही पडतो, असं सिद्ध होतं. तसा आदेश काढणार का?"

सरपंचांनी घाईघाईने पाणी मागितलं. बाई थांबल्या नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला.

"बेकारीने माणूस खचतो, आजारी पडतो, हे काही खोटं नाही. पण आमचा वसंत आधी आजारी पडला आणि मग त्याची नोकरी गेली. त्याला वेळेवर कुणी तपासलं असतं तर कदाचित नोकरी राहिली असती. तुम्ही सांगता ते एका बाजूने खरं असेल, दुसऱ्या बाजूनेही खरं आहे. कुठल्या घरात काय आधी झालं ते जाऊन विचारायला लागतं. आणि समजा, तुमचंच सगळं खरं. बेकारीमुळेच आजार होतात. तरी आज जो आजारी आहे त्याची सिस्टर का काढता? चुलीमुळे घराला आग लागली तर आधी पाणी मारतात की चूल दुरुस्त करायला बसतात?"

साहेब म्हणाले, "अतिशय चांगले मुद्दे आहेत. नोंद घेतली."

ज्यांनी कचेरीत नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नोंद घेतली म्हणजे विषय संपला. मी नोंद घेतली, ती फायलीत आहे. पंधरा दिवसांत सिस्टर गेली.

प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन झकास झालं. फीत, नारळ, समई, एक टेबल आणि उघडून ठेवलेला एक मोबाइल. शिकायला कोणी आलं नाही, कारण गावातले सगळे बेकार गौरी-गणपतीचं विसर्जन करून आपापल्या कामावर परत गेले होते. शिकवणारा तरुण महिनाभर ओट्यावर बसून होता. त्याने बाईंचा फोन तेवढा दुरुस्त करून दिला. बाई म्हणाल्या, "पोरगा हुशार आहे. त्याला कामाला लावलं एवढा तरी रोजगार झाला." मग तोही चिपळूणला गेला आणि खोलीला कुलूप लागलं.

म्हाताऱ्यांना आता रक्तदाब बघायला रिक्षा करून पालीला जावं लागायचं. रिक्षाचे पैसे म्हटल्यावर त्या आज नको, उद्या जाऊ करायच्या. थंडीत वरच्या वाडीतल्या पार्वतीआजी झोपेत गेल्या. गाव पेटलं. सरपंचांनी निवेदन लिहवून घेतलं की सिस्टर हलवल्यामुळे आजींचा बळी गेला, आणि पहिली सही बाईंची हवी म्हणून चार माणसं त्यांच्याकडे गेली. मी तिथे होतो. निवेदन येणार म्हटल्यावर आधी बाईंना भेटून घ्यावं, असा माझा भित्रा हिशोब.

बाईंनी निवेदन वाचलं आणि लाल पेनाने ते वाक्य खोडलं.

"आजी नव्वदीच्या पुढे होत्या. सिस्टर असती तर वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

"अवो बाय, पण सिस्टर येल ना ह्याने," सरपंच म्हणाले. "बळी लिवल्याबिगर कोण वाचतो?"

"वाचणार नाहीत. म्हणून खोटं लिहायचं? मग त्या साहेबात आणि आपल्यात फरक काय राहिला?" बाईंचे डोळे भरून आले होते. पार्वतीआजींच्या पाकिटावर सूर्य-चंद्र त्यांनीच काढलेले होते. "बाकी सगळं खरं आहे. रिक्षाचं लिहिलंय, गोळ्यांचं लिहिलंय. त्याच्याखाली मी सही करते."

त्यांनी सही केली. बाकीचे निवेदन घेऊन पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस गावात बाईंशी कोणी धड बोललं नाही. बिनबळीचं ते निवेदन आमच्या कचेरीत आलं, त्यावर आवक शिक्का मीच मारला आणि ते कुठल्या कपाटात गेलं तेही मला ठाऊक आहे. सरपंचांचं म्हणणं बरोबर निघालं. खरं निवेदन कोणी वाचलं नाही.

मला तेव्हा बाईंचा राग आला होता. एक वाक्य खोडलं नसतं तर काय बिघडलं असतं? माणसं मोठी की पाखाडी मोठी? हे मी त्यांना तोंडावर विचारलं नाही. पस्तीस गुणवाल्याने असं विचारायचं नसतं.

मे महिन्यात कामासाठी गावात गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. बौद्धवाडीच्या पाखाडीवर बाई मधेच बसलेल्या दिसल्या, एक हात कडेच्या जांभ्या दगडी गडग्याच्या भिंतीवर, शबनम पायाशी. मी धावलो. म्हणाल्या, "काही नाही, जरा गरगरलं." गोळ्या घेताय ना, विचारलं. तर म्हणाल्या, "संपल्यात. पालीला जायचंय. आज नको, उद्या जाते." बाईंना हाताला धरून मी घरी पोचवलं, रिक्षा करून पालीहून गोळ्या आणून दिल्या. रिक्षात बसल्या बसल्या मला पहिल्यांदा नीट कळलं की ती टिपणी टाइप कुणी केली होती.

तोवर आमचे साहेब बदलून गेले होते, अर्थात बढतीवर. नवे साहेब आले त्यांची अडचण उलटी. त्यांच्याकडे आरोग्यावर खर्चायचा निधी पडून होता आणि तो का खर्चायचा याला कारण लागत होतं. मला म्हणाले, पाहणी करून काहीतरी ठोस आणा. मी म्हटलं, आणतो साहेब. फक्त गणपतीपर्यंत थांबा.

पुन्हा तेच फॉर्म, तीच घरं, त्याच ओट्या, तेच पत्ते. पुन्हा सगळे बेकार, पुन्हा सगळ्यांच्या कंबरा. संदेशच्या आईने या वेळी मोदक दिले नाहीत, पण मी तिच्या मुलाला बेकार लिहिलंच. मग कचेरीत बसून टिपणी केली: बेरोजगारी वाढली, त्यामुळे आजार वाढले, त्याअर्थी आरोग्यावरील खर्च वाढवणं निकडीचं आहे, सबब सदर उपकेंद्रातील सिस्टरचं पद पूर्ववत करावं. गेल्या खेपेचीच दोन वाक्यं, फक्त शेवटी वळण दुसरीकडे. साहेबांनी एका दिवसात सही केली.

सिस्टर परत आली तो मंगळवार होता. ओट्यावर म्हाताऱ्यांची रांग. खोलीतलं ते टेबल बाहेर काढून त्यावर कुणीतरी गोळ्यांचं खोकं ठेवलं होतं. सरपंच होते, आणि मीही होतो, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. भिंतीवर आदेशाची प्रत डकवलेली. बाई आल्या, चष्मा लावला आणि प्रत वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचा हात शबनममध्ये गेला. लाल पेन बाहेर आलं. टोपण निघालं.

सरपंच कळवळून म्हणाले, "बाय, आता ह्याच्यात काय काडू नका. पाया पडतो."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "पुन्हा गणपतीत गेलास?"

"हो बाई."

"या वेळी माहीत असून?"

मी मान खाली घातली. बारावीत घातली होती तशीच.

"उत्तर बरोबर आलं की तुला पायऱ्या लागत नाहीत," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो रास्त होता. "एक तक्रार केली तर हा आदेश टिकणार नाही, कळतंय का? आणि उद्या तिसरा साहेब येईल, तो हीच पाहणी घेऊन हिला परत हलवील." मग पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "आमच्या वाडीत या खेपेला तरी कोणी आजारी सापडलं का? की आम्ही पुन्हा सगळे ठणठणीत?"

"एक नाव घातलंय बाई."

"कुणाचं?"

"तुमचं," मी म्हटलं. "अख्ख्या पाहणीत तेवढी एक नोंद खरी आहे."

आतून सिस्टरने हाक मारली, "बाई, आज तुम्ही पहिल्या या." बाई कधी पहिल्या जात नसत. त्या दिवशी गेल्या. पेनाला टोपण लावलं, स्टुलावर बसल्या आणि दंड पुढे केला.

ही माझी आणि बाईंची शेवटची भेट. त्यानंतर त्या सावर्ड्याला भाचीकडे राहायला गेल्या. तक्रार आमच्या कचेरीत अजून आलेली नाही. आवक शिक्का माझ्याचकडे असल्याने हे मी खात्रीने सांगू शकतो. आली तर तिच्यातला शब्द न् शब्द खरा असणार, हेही सांगू शकतो.

त्या दिवशी सिस्टरने पट्टा बांधला, फुगा दाबला, काट्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा दाबला. म्हणाली, "बाई, बरंच वाढलंय. कसलं एवढं टेन्शन घेतलंत?"

बाईंनी मोकळ्या हाताने, टोपण लावलेलं ते लाल पेन माझ्यावर रोखलं.

"हा," त्या म्हणाल्या.

मधली पायरी मी विचारली नाही.